संप उचलीच्या आधी!

ऊसतोड करणाऱ्या आयाबहिणींनो, भावांनो, गाडीवानांनो, आणि ज्यांच्या फडात आपण उतरतो त्या शेतकरी बांधवांनो,

कराराची मुदत संपली की बीड, पाथर्डी, केज, आष्टीच्या वस्त्यांवर 'कोयता बंद'ची हाक फिरते. मेळावे होतात, पुढारी तावातावाने बोलतात. दसरा उलटला की रात्री-अपरात्री ट्रक भरून टोळ्या निघतात आणि सकाळी पेपरात येतं : संपात फूट. फूट कसली? ज्याने उन्हाळ्यातच उचल घेतली, त्यात पोरीचं लग्न उरकलं, पेरणी केली, म्हाताऱ्याचा दवाखाना भागवला, त्याच्या ओट्यावर मुकादम ठिय्या देऊन बसलेला असतो. त्या माणसाला संपफोड्या म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्याने उचलीच्या कागदावर अंगठा दिला तेव्हाच त्याचा संप मोडला होता.

हे पत्रक तेवढंच सांगायला काढलं आहे. उचल खिशात घालून पुकारलेला संप कारखानदाराला भीती घालत नाही, कारण आपल्याला यावंच लागणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

उचल म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोघांची मिळून हंगामाची आगाऊ रक्कम मुकादम देतो आणि ती टनाच्या हिशेबाने अंगावरून फेडून घेतो. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, पण हिशेबाच्या वहीत तिचं नाव नसतं. एक दिवस आजारी पडली तर मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचा दंड. पाळी आली तरी खाडा, बाळंतपण आलं तरी खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. चौकशी समिती बसली, अहवाल आला, नियम निघाले. खाडा मात्र अजून आहे. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर.

माणसाला कर्जापोटी बांधून राबवायचं नाही, असा कायदा या देशात १९७६ पासून आहे. विचारायला गेलं की कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी स्वतःच वाहतूकदाराचा देणेकरी. खरं आहे तेही. उचल घेऊन पळालेल्या टोळ्यांनी कित्येक मुकादमांना जमिनी विकायला लावल्या, हेही लपवायचं कारण नाही. दोन गरिबांना एकमेकांच्या उरावर बसवून तिसरा नामानिराळा राहतो, अशी ही सोय आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. वाढले ते बरंच झालं. पण पुण्यात ते ठरलं तेव्हा आपण निम्मा हंगाम तोडून बसलो होतो. टेबलाशी नेते होते, साखर संघवाले होते. आपण फडात होतो.

आता शेतकरी बांधवांशी दोन शब्द. तुम्ही उसाच्या दरासाठी वाहतूक अडवता तेव्हा त्याला आंदोलन म्हणतात, आणि ते आंदोलनच आहे. आम्ही कोयता ठेवला की मात्र लगेच 'शेतकऱ्याचं वाटोळं' अशी ओरड होते. ती ओरड कोण करतं ते नीट बघा. काटा मारला जातो तेव्हा तुमचा ऊस आणि आमची मजुरी एकाच काट्यावर कापली जाते. आमच्या संपाने तुमच्या उसाला तुरा येईल, ही चिंता खरी आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, संप हंगामाच्या तोंडावर नको. तो उन्हाळ्यात होऊ द्या, ऊस अजून वाढत असताना.

एकजुटीने, हात न उचलता काम नाकारणारे संप याआधी झाले आहेत. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ च्या ऑक्टोबरात कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटलांच्या मागे पंचवीस गावं उभी राहिली. कुणाचं डोकं फोडलं नाही, फक्त नांगर धरला नाही. सहा वर्षं भातशेती ओस राहिली. लोक लाकूडफाटा विकून, अर्धपोटी जगले, पण खोताच्या बांधावर गेले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, त्यामागे कोकणातल्या अशाच कुळांचा रेटा होता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेलानोला द्राक्षमळ्यांतले मालक फिलिपिनो मजुरांचा संप मेक्सिकन मजूर आणून मोडत, आणि मेक्सिकनांचा फिलिपिनो आणून. आपल्याकडे बीडची टोळी अडली की खानदेशची, नाहीतर मध्य प्रदेशची आणतात, तसंच. सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलिआँगच्या फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं आणि आठवडाभरात सीझर चावेझची मेक्सिकन संघटना त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. चावेझ गांधींना मानणारा माणूस. कुणी हात उचलू नये म्हणून १९६८ साली त्याने पंचवीस दिवस उपास केला. शहरांतल्या बायकांनी द्राक्षं घेणं सोडलं. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी सह्या केल्या.

तेव्हा ट्रक अडवणं, काचा फोडणं, टायरची हवा सोडणं हे बंद. त्या ट्रकमध्ये आपलीच पोरं बसलेली असतात, आणि पोलिसांना निमित्त मिळतं ते वेगळंच. घरी बसायला दगड लागत नाही.

उचलीवाचून पावसाळा कसा काढायचा, हा प्रश्न आम्हाला छळतो आणि त्याचं सोपं उत्तर नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कापायचं ठरलं, ते पैसे आपल्या नावाचे आहेत. हंगामाआधीची खर्ची त्यातून मागू. कारखान्याला आगाऊ द्यायचंच असेल तर त्याने स्वतःच्या सहीने द्यावं, नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यावर, दर आणि काम लिहून, खाडा वगळून. मुकादमाला त्याचं कमिशन मिळावं, सावकारी नको.

गावोगाव बसून आत्ताच ठरवा. येत्या उन्हाळ्यात मुकादम नोटा घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि कारखान्याचा कागद मागा. तो कागद येईपर्यंत वस्तीतल्या एकाही घराने अंगठा देऊ नये.