आवाज कुठला ते आधी, पाना नंतर



आपल्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याचा आकडा वाचला गेला की मागच्या रांगेतून कुणीतरी उठतोच. ‘गेल्या हंगामापेक्षा कमी का?’ असे विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही. वजनाची शंका आली तर आपण गाडी पुन्हा काट्यावर चढवायला लावतो. हे चांगलेच आहे. पण हाच सभासद गॅरेजात गेला की मुकाट होतो. मिस्त्री म्हणतो, ‘क्राऊन-पिनियन गेलं’, आणि आपण म्हणतो, ‘घाला मग नवीन.’ या मुकाटपणाबद्दल आज चार शब्द लिहायचे आहेत, कारण तो आम्हालाही महागात पडला आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात ट्रॅक्टरच्या जोडीला एखादी जुनी पिकअप असते. उसातल्या आंतरपिकाचा कोबी-फ्लॉवर रात्री भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचवायचा. बोरघाट उतरला की खोपोली, मग पनवेल. पनवेल हे नाक्याचे गाव. पुण्याचा रस्ता इथे येतो, गोव्याचा रस्ता इथून सुटतो, शेजारी कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार. मालगाड्यांची वर्दळ मोठी, म्हणून गॅरेजे आणि सुट्या भागांची दुकानेही भरपूर. घाटावरची गाडी कुरकुरू लागली की पुष्कळदा इथेच उभी राहते.

आमचीही उभी राहिली. भरल्या गाडीने घाट उतरून पनवेलच्या अलीकडे आलो, तर गाडीखालून ‘कूंऽऽ’ असा बारीक, कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाज चढायचा. माल वाशीला उतरवला आणि परतताना पनवेलला एका गॅरेजात गाडी दाखवली. मिस्त्री खाली शिरला, शाफ्ट हाताने डावा-उजवा फिरवला, ‘खेळ आलाय, क्राऊन-पिनियन संपलं’ म्हणाला. आम्हाला घाई, गावी दुसरा माल तोडून पडलेला. दोन दिवस गाडी तिथे राहिली, नवीन क्राऊन-पिनियन पडले आणि आठवडाभराच्या भाजीचे पैसे तिथेच राहिले. खोपोली सोडून घाट चढायला लागलो, तिसरा गिअर पडला, आणि तोच आवाज!

गावी आल्यावर एका जुन्या फिटरने गाडीला हात न लावता ड्रायव्हरला विचारले, ‘चौथ्या गिअरात आवाज येतो का रे?’ ड्रायव्हर म्हणाला, ‘नाही, चौथ्यात जवळजवळ बंदच होतो. तिसऱ्यात आणि पाचव्यात येतो.’ ‘मग हे आधी का नाही सांगितलंस?’ तर म्हणाला, ‘मला कुणी विचारलंच नाही.’

झाले, निदान तिथेच झाले. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सच्या वरच्या शाफ्टमधून थेट मागे जाते. खालचा, म्हणजे मिस्त्री ज्याला काउंटर शाफ्ट म्हणतात तो, फिरतो खरा, पण त्याच्यावर भार नसतो. बाकीच्या गिअरांत भार त्याच्यावरून जातो. म्हणजे आजार गिअरबॉक्समधल्या एका बेअरिंगचा होता आणि शस्त्रक्रिया झाली ती मागच्या हौसिंगवर.

त्या मिस्त्रीला आम्ही लबाड म्हणणार नाही. जुन्या गाडीच्या शाफ्टमध्ये थोडा खेळ असतोच. तो सगळ्या दात्यांचा, सांध्यांचा मिळून होतो आणि एवढ्यावरून क्राऊन-पिनियन गेले असे ठरत नाही. पण मिस्त्रीला पैसे मिळतात ते पार्टचे आणि फिटिंगचे. अर्धा तास गाडीत बसून नुसता आवाज ऐकण्याचे पैसे आपण त्याला कधी दिले आहेत काय? निदानाला आपण मोल देत नाही, म्हणून आपल्या पदरात पडते ती दुरुस्तीच. हा दोष निम्मा आपला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा गॅरेजात जाण्यापूर्वी काही गोष्टी मालकाने व ड्रायव्हरने स्वतः पाहाव्यात. याला हत्यार लागत नाही.

पहिली गोष्ट, गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये रेस करा. आवाज उभ्या गाडीतच येत असेल तर मागच्या हौसिंगचा संशय सोडा. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सचे बेअरिंग पाहा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचे बेअरिंग. क्लचने काहीच फरक पडला नाही तर पट्टा, अल्टरनेटर, पाण्याचा पंप यांच्याकडे वळा.

दुसरी गोष्ट, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात गिअर बदलून पाहा. समजा ताशी ५० चा वेग आहे. पाचव्यातून चौथ्यात आला, इंजिनाचे फेरे वाढले, पण ‘कूं’ चा सूर तोच राहिला, तर तो आवाज गिअरबॉक्सच्या मागचा, म्हणजे शाफ्ट, हौसिंग, चाके किंवा टायर यांचा. एखाद्या गिअरात आवाज येतो आणि दुसऱ्यात जातो, तर तो गिअरबॉक्सचा.

तिसरी गोष्ट, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो किंवा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांचा संशय घ्यावा. दोन्ही वेळी सारखीच घरघर असेल तर बेअरिंग बघावे.

चौथी गोष्ट, रिकाम्या, रुंद रस्त्यावर हळू वेगात स्टिअरिंग थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे द्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी आवाज वाढला तर डाव्या बाजूच्या चाकाचे बेअरिंग तपासा. आणि सिमेंटच्या रस्त्यावर एक आवाज, डांबरी रस्त्यावर दुसरा, असे असेल तर आधी टायर पाहा. द्रुतगती मार्गाच्या सिमेंटवर गोटे पडलेला टायर हुबेहूब हौसिंगसारखा कण्हतो.

पाचवी गोष्ट तेलाची, आणि ती सगळ्यांत स्वस्त. मागच्या हौसिंगचे तेल वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. त्यातले दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. म्हणून तिथे इंजिनाचे तेल चालत नाही, गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ईपी गिअर ऑईलच लागते. गाडी सपाट उभी करून भरण्याचा बोल्ट काढा आणि बोट घाला. साधारणपणे तेल भोकाच्या कडेला लागले पाहिजे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की असे होते. तेल बदलताना चुंबकाच्या बोल्टवर करडा, मऊ चिखल दिसला तर घाबरू नका, एवढी झीज व्हायचीच. पण पोलादाचे तुकडे, कपचे दिसले तर गाडी पुढे नेऊ नका.

हे सगळे पाहूनही क्राऊन-पिनियनच गेले असे ठरले, तर ते जरूर बदलावे. मात्र दोन्ही जोडीनेच बदलावेत, आणि दात्याला रंग लावून दाता कुठे टेकतो ते मिस्त्रीकडून समोर दाखवून घ्यावे. शिम चुकीची पडली तर नवी जोडी जुनीपेक्षा जास्त ओरडते.

एक इशारा हात जोडून देतो. आवाज कुठून येतो ते ऐकण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करू नका. भरलेली गाडी बोरघाटात नुसत्या ब्रेकवर सोडणे म्हणजे मरण बोलावणे आहे. तसेच गाडी नुसत्या जॅकवर उचलून, गिअर टाकून चाके फिरवू नका. खाली पक्की घोडी आणि बाकी चाकांना अडण हवीच. आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेले दिसले, किंवा एकच चाक हात लावू न देण्याइतके तापले, तर माल राहू द्या, घाट उतरू नका. गळके तेल ब्रेकच्या लायनरवर गेले की ब्रेक धरत नाही. कोबीची एक खेप बुडाली तर पुन्हा लावता येते.

शेवटी एक सूचना कारखान्याच्या संचालक मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. हंगामात मिलच्या बेअरिंगला कांबीचे एक टोक लावून दुसरे कानाशी धरणारे, आणि आवाजावरून दुखणे ओळखणारे फिटर आपल्याच कारखान्यात आहेत. ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत तेही मोकळे नसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी हंगाम संपल्यावर प्रत्येक गट कार्यालयात एक सकाळ अशी ठेवावी की सभासदाने आपली गाडी आणावी, ड्रायव्हरला बरोबर आणावे आणि आवाज ऐकून घ्यावा. दुरुस्ती ज्याने त्याने आपल्या मिस्त्रीकडे करावी. वर सांगितलेल्या पाच गोष्टी एका चिठ्ठीवर छापून गाडीच्या कप्प्यात ठेवायला दिल्या तरी पुष्कळ.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे करावे. गॅरेजात गेल्यावर मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी, त्या फेरीचे पैसे खुशीने द्यावेत, आणि पाना लागण्यापूर्वी आपल्या ड्रायव्हरला विचारावे, ‘बाबा, आवाज कधी येतो आणि कधी जातो?’ रात्रंदिवस त्या गाडीत बसतो तो. त्याला ते माहीत असते.

विचार व्हावा.