उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी



गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस वसई पूर्वेच्या एका गावातून सकाळी सहालाच आम्हाला फोन आला. बचत गटाच्या अध्यक्षा बोलत होत्या. "भाऊ, ट्रॅक्टर चालू होत नाय. तुम्ही वही घेऊन या." ट्रॅक्टर बिघडला तर मेस्त्रीला बोलवावे, कारकुनाला कशाला, असे आमच्या मनात आले. पण गटाचा हिशेब आम्ही लिहितो आणि नवीन वस्तू घ्यायची तर पैसे वहीतूनच निघणार. मावशींनी पुढचे आधीच ओळखले होते.

हा ट्रॅक्टर कसा आला ते आधी सांगतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची समाजकल्याण खात्याची योजना 2012 साली निघाली. गटात निदान 80 टक्के सभासद आपले, अध्यक्ष आणि सचिवही आपलेच, अशी अट. ट्रॅक्टर 9 ते 18 अश्वशक्तीचा. अवजारांसह साडेतीन लाखांची मर्यादा होती. त्यातले 3 लाख 15 हजार अनुदान आणि उरलेले 35 हजार गटाचे. हे 35 हजार या बायकांनी दरमहा शंभर-शंभर रुपये टाकून उभे केले. कोणी वीटभट्टीवर, कोणी वसईच्या कारखान्यात, कोणी दुसऱ्याच्या घरी भांडी घासून. तेव्हा तो ट्रॅक्टर म्हणजे नुसते लोखंड नव्हे.

आम्ही पोचलो तेव्हा रोपे तयार, पाऊस चांगला, चिखलणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. चावी फिरवली की फक्त 'टक' असा आवाज. शेजारच्या गावातला ट्रॅक्टर भाड्याने दुसरीकडे गेलेला. बायका एकमेकींकडे बघत होत्या, कोणाच्या पोराने काय केले याचा हिशेब चालला होता. मेस्त्रीने मीटर लावला. काटा दहा व्होल्टवर. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर स्वस्थ असताना 12.6 ते 12.7 दाखवते. 12.2 ला ती अर्धी रिकामी असते. दहा म्हणजे संपलीच.

"दोन महिने हात नाही लावला, मग खराब कशी झाली?" असे मावशींनी विचारले. बहुतेक घरांत हाच समज असतो की वापरली नाही म्हणजे राहिली. खरे उलट आहे. बॅटरीला कामापेक्षा नुसते उभे राहणे जास्त बाधते. शिशाची बॅटरी न वापरताही आतून थोडी थोडी उतरते. साधारण हवेत महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास आणि उष्मा दहा अंशांनी वाढला की जवळजवळ दुप्पट. उतरलेल्या बॅटरीत पट्ट्यांवर शिशाचा क्षार बसतो, तो दिवसेंदिवस कडक होतो. मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही.

पण एवढ्याने दोन-अडीच महिन्यांत ती संपायला नको होती. आम्ही बी.कॉम., वीज आमचा विषय नाही, तरी खर्च जुळत नाही म्हटल्यावर आम्हाला चैन पडेना. मेस्त्रीने तारा तपासल्या तेव्हा चोर सापडला. 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी पोरांनी ट्रॅक्टरवर म्युझिक सिस्टीम बसवली होती. तिची एक तार थेट बॅटरीला. सिस्टीम बंद असली तरी तिची आठवण राखायला ती 20 मिलिअँपिअर ओढत होती.

आता मांडणी बघा. बॅटरी 50 अँपिअर-तासांची. 20 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ 0.48 अँपिअर-तास. पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा, म्हणून बॅटरीची स्वतःची घट महिन्याला दहा टक्के धरली तर दिवसाला 0.17. दोन्ही मिळून 0.65. 14 एप्रिल ते जूनअखेर 75 दिवस. गुणाकार करा: सुमारे 48. पन्नासपैकी 48 गेले! जयंती थाटात झाली, बिल चिखलणीला आले.

ती बॅटरी गॅरेजमध्ये दोन दिवस चार्जिंगला लावली, पण तिने धरले नाही. चार-पाच हजार वहीतून गेले, शिवाय दोन दिवस ताशी भाड्याचा ट्रॅक्टर.

आता उपाय. घराजवळ वीज असेल तर साधा चार्जर महिन्यातून एकदा लावा, पुरे. आमच्या गटाच्या शेडला मीटर नाही, वीज दोन शेतांपलीकडे. म्हणून छोटे सौर पॅनल घेतले, दहा वॅटचे. चांगल्या उन्हात ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास देते, पाच तासांत अडीच अँपिअर-तास. बॅटरीची स्वतःची घट 0.17, म्हणजे गरजेच्या पंधरापट. इथेच लोक फसतात. जास्त दिले तर चांगलेच, असे वाटते. पण भरलेल्या बॅटरीत वीज कोंबत राहिले की पाणी उडते, पट्ट्या खराब होतात. त्यासाठी मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरी भरली की हात आखडता घेतो, आणि रात्री वीज उलटी पॅनलकडे जाऊ देत नाही. घेताना 12 व्होल्ट आणि शिशाच्या बॅटरीचा आहे ना, हे विचारून घ्या. लिथियमचा नको.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलट. लाल तारेत बॅटरीजवळ फ्यूज. पॅनलचे तोंड दक्षिणेकडे, आपल्या वसईत साधारण वीस अंश कलते. नारळाच्या झावळीची सावली पडत नाही ना ते बघा. पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी वीज निम्म्याखाली जाऊ शकते. आणि पॅनल शेडच्या आत नको. आम्ही एका ठिकाणी चोरीच्या भीतीने ते आत टांगलेले पाहिले आहे!

पावसाळ्याचे सगळे विचारतात. दाट ढगात उन्हाळ्याच्या दहावा भागसुद्धा मिळाला तरी 0.25 येते. ते 0.17 ला पुरते. पण म्युझिकची तार तशीच असेल तर 0.65 ला पुरत नाही. तेव्हा आधी गळती थांबवा, मग पॅनलचे बोला. आणि मेलेली बॅटरी असे पॅनल उठवत नाही. ते चांगली असलेली सांभाळते.

बाकी किरकोळ. समुद्राची हवा असल्याने आपल्याकडे टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. गरम पाण्याने पुसून कोरडे करा, व्हॅसलीन लावा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचे नाही. चार्जिंग चालू असताना जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

यंदा मे महिन्यात आम्ही स्वतः मीटर लावला. 12.6. पॅनल पुसायची पाळी कोणाची, हे सचिवताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे, दर आठवड्याला एकीची. म्युझिकची तार काढू द्यायला पोरे तयार नव्हती. शेवटी तडजोड झाली, तारेला एक स्विच बसवला. त्याची किल्ली मावशींच्या पदराला असते.