शटरच्या रिमोटमधला सेल संपला: नवा बसवायला दोन मिनिटं, पण जुना टाकायचा कुठे?

मूर्तिजापुरात 'गॅरेज' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गाड्या दुरुस्त करण्याचं दुकान. गाडी ठेवण्याच्या खोलीचं आपोआप वर सरकणारं दार हा अमेरिकी प्रकार अकोला जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात विरळाच. पण त्याची भावंडं आता वऱ्हाडातल्या लहान गावांपर्यंत आली आहेत: दुकानाचं मोटरवर चालणारं शटर, बंगल्याचं सरकतं गेट, चारचाकीची रिमोट चावी. या सगळ्यांच्या पोटात एक छोटा सेल असतो आणि वर्ष-दोन वर्षांत तो संपतो.

सेल बदलणं हे मेकॅनिकला बोलावण्याचं काम नाही. खरा प्रश्न बाहेर काढलेल्या सेलचा आहे. त्याच्यासाठी देशात कायदा आहे, पण बाजारात त्याला किंमत नाही.

आधी लाईट पाहा, मग रिमोट उघडा

बटण दाबलं आणि शटर हललं नाही, तर पहिला संशय सेलवर घ्यायची गरज नाही. मोटर विजेवर चालते. लाईट गेलेली असेल आणि मोटरला बॅकअप नसेल, तर नवाकोरा सेल घालूनही काही होणार नाही. तेव्हा साखळीने किंवा हँडलने शटर उचलावं लागतं.

लाईट असताना रिमोटवरचा छोटा दिवा मंद लागत असेल, किंवा पूर्वी रस्त्यापलीकडून उघडणारं गेट आता अगदी जवळ गेल्यावरच उघडत असेल, तर मात्र सेल उतरलाय असं समजावं. दिवा नेहमीसारखा लागतो आणि भिंतीवरच्या बटणानेही शटर हलत नाही, तर बिघाड मोटरकडे आहे.

उन्हाळ्याचाही यात हात असतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीत काचेमागे ठेवलेला रिमोट त्याहून बराच जास्त तापतो. अशा उष्णतेत सेल न वापरताही लवकर उतरतो, आणि अल्कलाइन सेल गळून आतल्या पट्ट्यांना गंज चढवतो. पट्टीवर पांढरट-हिरवट थर दिसला तर तो कोरड्या कापडाने पुसल्याशिवाय नवा सेल नीट टेकत नाही.

कोणता सेल लागतो?

शटर आणि गेटच्या रिमोटमध्ये साधारण दोन जातींचे सेल सापडतात. एक नळीसारखा, १२ व्होल्टचा. त्यावर २३ए किंवा २७ए लिहिलेलं असतं. दोघांची लांबी जवळपास सारखी, २८ मिलिमीटरच्या आसपास. पण २३ए सुमारे १० मिलिमीटर जाड असतो आणि २७ए सुमारे ८. म्हणून २७एच्या खाचेत २३ए बसत नाही. उलट केलं तर बसतो, पण आत खुळखुळतो. दुकानात 'रिमोटचा सेल द्या' म्हणण्यापेक्षा जुना सेल सोबत नेलेला बरा, नाहीतर टीव्हीच्या रिमोटचे पेन्सिल सेल हातात पडतात.

दुसरा नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. त्याच्या नावातच त्याचं माप असतं. सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०१६ तितकाच रुंद, पण जाडीला निम्मा. व्होल्ट सारखेच असले तरी एकाच्या जागी दुसरा नीट टेकत नाही.

बसवताना अधिक चिन्हाची बाजू जुन्या सेलसारखीच ठेवायची आणि सेल कडेने धरायचा. काही कंपन्या आता नाण्याच्या सेलवर कडू लेप लावतात, म्हणजे मुलाने तोंडात घातला तर ते थुंकून टाकेल. कल्पना चांगली आहे, पण या लेपामुळे काही उपकरणांमध्ये सेल नीट जोडला जात नाही. नवा सेल घालूनही रिमोट मुका राहिला तर हेही कारण असू शकतं.

'कोडिंग' पुन्हा करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. हा गैरसमज खिशाला चाट लावणारा आहे. रिमोटचा संकेत त्याच्या चिपमध्ये कायमचा साठवलेला असतो आणि सेल काढल्याने तो पुसला जात नाही. त्यामुळे सेल बदलण्याच्या कामात कोणी कोडिंगचे वेगळे पैसे लावत असेल, तर आधी रिमोट तसाच चालतो का ते पाहावं.

अपवाद बदलत्या संकेताच्या रिमोटचा. त्यात प्रत्येक दाबाला नवा संकेत जातो आणि मोटरकडचा रिसीव्हर त्याच्याशी पावलं मिळवत असतो. शटरपासून दूर असताना मुलांनी ते बटण खेळणं समजून खूप वेळा दाबलं, तर दोघांची चुकामूक होते आणि जोडणी पुन्हा करावी लागते. त्यात सेलचा दोष नसतो.

स्वस्त रिमोटचा संकेत मात्र कायम एकच असतो. म्हणूनच त्याची डुप्लिकेट काढणं सोपं असतं, मालकासाठीही आणि चोरासाठीही. मोटर घेताना विचारण्यासारखा प्रश्न असेल तर तो हा.

मेलेला सेल खरंच मेलेला असतो?

रिमोट चालवण्याइतकी ताकद उरलेली नसली, तरी नाण्याच्या सेलमध्ये थोडी वीज शिल्लक असते. एखाद्या लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर भिंतीला टेकून त्यातून प्रवाह वाहू लागतो. ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती आतली त्वचा जाळते. गंभीर इजा व्हायला दोन तासही पुरतात. २० मिलिमीटरचा लिथियम सेल सर्वांत धोक्याचा, कारण लहान मुलाच्या गळ्यात तो नेमका अडकतो.

१२ व्होल्टच्या नळीबद्दल एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तिच्या वेष्टनात दीड व्होल्टचे आठ बटण सेल एकावर एक रचलेले असतात. वेष्टन फाटलं की ते सुटे होतात.

अमेरिकेत टेक्सासमधल्या रीस हॅम्स्मिथ या दीड वर्षाच्या मुलीने रिमोटमधला सेल गिळला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या नावाने तिथे २०२२ मध्ये कायदा झाला. बटण सेलचं झाकण मुलांना सहज उघडता येऊ नये आणि वेष्टनावर ठळक इशारा असावा, हा त्याचा गाभा. ऑस्ट्रेलियाने अशी सक्ती त्याच वर्षी जूनपासून लागू केली. भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण शटरचा रिमोट कायद्याच्या नजरेत खेळणं नाही. घरातल्या दोन वर्षांच्या पोराच्या नजरेत मात्र असतं.

मूर्तिजापूरसारख्या गावात दोन तासांचा हिशोब आणखी आवळतो. एक्स-रे तालुक्याच्या ठिकाणी निघू शकतो, पण दुर्बिणीने सेल काढायची सोय बहुधा मोठ्या रुग्णालयातच असते आणि अकोला इथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. म्हणून मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी 'शौचावाटे पडेल' म्हणून वाट पाहायची नाही. लाळ गळणं, खोकला, उलटी, जेवण नाकारणं ही लक्षणं दिसतात, आणि कधी काहीच दिसत नाही. मुलाला ओकारी काढायला लावू नये, खायला-प्यायला देऊ नये. याला एक अपवाद मधाचा. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा सल्ला असा, की मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झालेले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी घरी थांबू नये.

कायदा आहे, मग अडतं कुठे?

घराघरांतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे पाहिलं की उत्तर सापडतं. ती संपल्यावर कोणी उकिरड्यावर फेकत नाही. जुनी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यावर जुनी शिसे-आम्ल बॅटरी परत घेण्याची आणि ग्राहकाला सूट देण्याची जबाबदारी टाकली होती. ती पाळली गेली याचं मोठं कारण म्हणजे शिशाला भाव आहे. कायदा नसता तरी कबाडी दारात आलाच असता.

रिमोटचा सेल त्या नियमांत नव्हताच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो आत घेतला. आता सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. ग्राहकानेही बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची आहे. सेलवर किंवा वेष्टनावर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं, ते याचसाठी.

पण उत्पादकाचा हिशोब वजनावर चालतो आणि सीआर२०३२ चं वजन अवघं ३ ग्रॅमच्या आसपास. मोबाइलची एक बॅटरी गोळा केली की अशा डझनभर सेलांएवढं वजन भरतं. मग गावोगाव दुकानांतून नाण्याचे सेल वेचायला कोण येणार? नियमांत अनामत रक्कम परत देण्याच्या योजनेची मुभा उत्पादकाला आहे. सेलमागे दोन-पाच रुपये अनामत ठेवली, तर दुकानदारही डबा ठेवेल आणि पोरंही सेल आणून देतील. मात्र ही मुभा आहे, सक्ती नाही.

दुसरी कडी नगर परिषदेची. २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक शहराने २० चौरस किलोमीटर किंवा त्याच्या भागामागे घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र उभारावं, असं म्हटलं होतं. म्हणजे गाव कितीही लहान असलं तरी एक केंद्र हवंच. आता १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. घंटागाडीवर ओला-सुका अजून कुठे अंगवळणी पडतोय, तोवर हा चौथा भाग आला.

गाडगेबाबांचं लहानपण याच तालुक्यातल्या दापुरे गावात, मामाच्या घरी गेलं. त्यांच्या खराट्याने रस्ते झाडता आले. सेलमधली रसायनं उकिरड्यावरून मातीत उतरली की त्यांना खराटा लागत नाही.

केंद्र कुठे आहे, हे नगर परिषदेच्या आरोग्य विभागाला लेखी विचारता येतं. तोपर्यंत जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे एकमेकांना टेकून ठिणगी पडत नाही. मग तो झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. डबा भरला की ई-कचरा संकलनाच्या मोहिमेत किंवा अकोला-अमरावतीतल्या अधिकृत संकलकाकडे देता येतो. देताना तो बॅटऱ्या स्वीकारतो का, हे आधी फोनवर विचारून घ्यावं; सगळेच स्वीकारत नाहीत.