अंकुर फुटला, पण रोप जगले का?

३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाबरोबर गेलेल्या इस्रोच्या ‘क्रॉप्स’ प्रयोगात चवळीच्या ८ बिया होत्या. चार दिवसांत त्यांना कोंब फुटले, मग पानेही दिसली. पुढे २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मूग आणि मेथी रुजवली. देशभर कौतुक झाले, ते रास्तच होते. हे प्रयोग मुळात अल्प मुदतीचे होते. तथापि बातम्यांचा सूर असा होता, की बी रुजले म्हणजे शेती साधली. शाळांतही तेच घडते. ओल्या कापसावर हरभरा रुजतो, वहीत चित्र काढले जाते आणि कापूस कचऱ्यात जातो.

वास्तविक रुजणे हा सर्वांत सोपा टप्पा होय. अन्नाची शिदोरी बीजातच असते. पाणी, हवा आणि योग्य तापमान लाभले की काम होते. खरी कसोटी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लागते. खिडकीत टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे करून पाहणाऱ्यांना तो अनुभव ठाऊक असतो: संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवे पडलेले. शेतकरी याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात.

त्यामागील एक मुख्य कारण म्हणजे पिथियम. हा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे नाते तपकिरी शैवाल आणि डायटम यांच्याशी अधिक जवळचे. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या दोन तंतूंच्या आधारे पाण्याच्या पातळ थरात पोहतात. सतत चिंब असलेले कोकोपीट म्हणजे त्यांच्यासाठी मोकळा जलमार्गच. बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांनी १९०७ मध्येच या प्रजातीवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. एवढा जुना वारसा असूनही आजही रोप आडवे झाले की पहिला हात जातो तो औषधाच्या पुडीकडे. त्यातही भारतात सर्रास वापरले जाणारे कार्बेन्डाझिम पिथियमवर चालतच नाही. फ्युजॅरियम किंवा रायझोक्टोनिया या खऱ्या बुरशींवर त्याचा उपयोग होतो. कारण न ओळखता दिलेले औषध हा पैशाचा आणि परिसराचा अपव्ययच.

उलट कोकोपीटवर उगवणारा पांढरा कापसासारखा थर पाहून अनेक जण घाबरतात. बहुधा ती मृत सेंद्रिय पदार्थांवर जगणारी बुरशी असते आणि रोपाला इजा करत नाही. मात्र हवा कोंदली आहे आणि ओल अति झाली आहे, हे ती निश्चित सांगते.

अवकाशातही हाच धडा मिळाला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये स्थानकातील झिनियाच्या रोपांवर बुरशी आली. हवा पुरेशी खेळत नव्हती, आर्द्रता वाढली होती. पंख्याचा वेग वाढवला गेला. काही रोपे गेली, काही वाचली आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल उमलले. फुलाचे छायाचित्र जगभर पोहोचले; पंख्याची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मोलाची होती ती पंख्याचीच.

घरातील उपायही त्याच जातीचे आहेत. बी विरळ पेरावे, कोकोपीट नवे घ्यावे, जुना ट्रे स्वच्छ धुवावा. कोंब वर येताच झाकण काढावे. पाणी वरून न ओतता ट्रेखालील ताटलीत द्यावे आणि उरलेले अर्ध्या तासाने काढून टाकावे. वरचा थर सुकू द्यावा. उजेड भरपूर हवा, कारण अंधुक जागेतील देठ लांबट आणि कोवळा राहतो. पावसाळ्यात मुंबई-कोलकात्याच्या दमट घरांत तर लहान पंखा हाच पहिला उपाय.

म्हणूनच शाळेच्या प्रयोगाची मुदत वाढवणे अगत्याचे आहे. एकाच पाकिटातील बियांचे दोन ट्रे करावेत. एक झाकलेला आणि रोज वरून भिजवलेला, दुसरा उघडा आणि खालून पाणी दिलेला. रोपांची मोजणी पाचव्या दिवशी करावी आणि पुन्हा विसाव्या दिवशी. दोन्ही आकडे वहीत नोंदवावेत, आणि कोलमडलेल्या रोपाचा देठ फेकण्यापूर्वी भिंगाखाली पाहावा.