राखडीचा हिशेब कोण ठेवणार?

एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

पर्यावरण हा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक वृक्षारोपण आणि दुसरी निबंध स्पर्धा. गेल्या वर्षी ज्या खड्ड्यात रोप लावले त्याच खड्ड्यात यंदाही लावायचे आणि आधीच्या रोपाचे काय झाले हे कोणी विचारायचे नाही, असा जणू अलिखित संकेतच आहे. निबंध स्पर्धेत मलाही एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आहे, तेव्हा टीका करण्याचा मला फारसा अधिकार नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात घरी एक प्रसंग घडला आणि तो निबंध आठवायचीही मला लाज वाटू लागली.

माझे मामा कन्हानच्या पात्रात डांगरवाडी करतात. ते एक कागद घेऊन आमच्याकडे आले. कुठल्याशा प्रकल्पाची जनसुनावणी होणार होती, तिच्यासाठी काढलेला तो मराठी सारांश होता. "तू कालेजात जाते, वाचून सांग मले काय लिवलं हाय," मामा म्हणाले. मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. 'परिवेशीय वायू गुणवत्ता', 'शून्य द्रव विसर्ग', 'प्रभाव शमन उपाययोजना'. लिपी आपली, विभक्तिप्रत्यय आपले, पण अर्थ काही लागेना. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली व शांतपणे विचारले, "हे मराठीच हाय ना, बाई?"

मी मराठी वाङ्मय हा विषय घेतला आहे! आमच्या दोन्ही घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. मामांचा समज असा की आता घरात वाचणारे माणूस तयार झाले. त्या दिवशी ते कागदाची घडी करून तसेच परत गेले.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, आणि हेच मला या अंकातून मांडायचे आहे, की आपल्या भागातील हवापाण्याचा प्रश्न हा केवळ विज्ञान शाखेचा प्रश्न नाही. तो वाचण्या-लिहिण्याचाही प्रश्न आहे. म्हणजे आपला, कला शाखेचा आहे.

खापरखेड्याच्या माणसाला औष्णिक विद्युत केंद्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. येथील २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला, ५०० मेगावॅटचा पाचवा २०११ मध्ये. एकंदर क्षमता १३४० मेगावॅट. पलीकडे कोराडीचे केंद्र, अलीकडे सिल्लेवाडा, भानेगावच्या कोळशाच्या खाणी, आणि बिना येथे कोलार, कन्हान व पेंच या नद्यांचा संगम. एवढ्याशा टापूत कोळसा, वीज आणि पाणी असे दाटीवाटीने बसले आहेत. आपल्याकडच्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राख उरणारच. तिच्यात पाणी मिसळून ती नळांतून राखड तलावात सोडली जाते. वीज तारेतून मुंबई-पुण्याला जाते. राखड मात्र येथेच राहते.

तलाव भरला की दुसरा तलाव हवा. त्यातूनच पारशिवनी तालुक्यातील नांदगावचा प्रश्न उभा राहिला. खापरखेडा केंद्राची राख पेंच नदीकाठच्या त्या गावाजवळील तलावात टाकणे सुरू झाले तेव्हा गावकऱ्यांनी शेताची, विहिरीची, हवेची तक्रार लावून धरली. नागपुरातील पर्यावरण कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मंथन अध्ययन केंद्र, सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी कोराडी-खापरखेडा परिसरातील पाण्याचे व राखेचे नमुने तपासून २०२१ मध्ये अहवाल काढला. पाऱ्यासारखे, आर्सेनिकसारखे घातक पदार्थ काही ठिकाणी मर्यादेच्या वर असल्याचे त्यात नोंदले होते. अखेर २०२२ च्या फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे स्वतः नांदगावला आले व तेथे राख टाकणे बंद करण्याचा आदेश झाला. एका लहानशा गावाने हे घडवून आणले. आपण खापरखेड्याचे लोक त्या वेळी काय करीत होतो? मी तर दहावी-बारावीच्या परीक्षांच्या धास्तीत होते असे सांगून सुटता येईल. पण मोठी माणसेही गप्पच होती.

आणि पाचच महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखड तलावाचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला, नाल्यांतून नदीत गेला. ज्या कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते तीच ही नदी.

आता कायद्याकडे वळू. पर्यावरण मंजुरीसंबंधीची २००६ ची अधिसूचना मी मुद्दाम शोधून वाचली. (इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून. तीन रात्री लागल्या.) जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची. सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. सुनावणी संपली की कोण काय बोलले याचे टिपण जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे. ही तरतूद वाचून मला मोठा आनंद झाला. परंतु त्याच अधिसूचनेत असेही आहे की सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. म्हणजे कोणी आले नाही तरी सुनावणी होऊ शकते! कोराडीला ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली ती २९ मे २०२३ रोजी, ऐन नवतप्यात. तशा उन्हात जे गेले त्यांना माझा नमस्कार. पण जाऊन बसणे पुरेसे नाही. समोरचा कागद कळला पाहिजे, आणि शेवटी वाचून दाखवलेल्या टिपणात आपले म्हणणे आले की नाही हे ओळखता आले पाहिजे. हे काम शेतातून थेट आलेल्या माणसाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा आपण शिकलेल्यांनी ठेवावी काय?

माझ्या या विचारांना पहिला विरोध घरातूनच झाला. माझे बाबा कोळसा उतरवण्याच्या कामावर कंत्राटी मजूर आहेत. "धुराड्यावर बोलशीन तं तुही फी कोन भरन?" त्यांनी विचारले. हा प्रश्न खोटा नाही. व्यासपीठावरून पर्यावरणावर भाषण करणाऱ्यांना तो कोणी विचारत नाही, एवढेच. मी बाबांना म्हटले की धुराडे उद्या पाडा असे मी म्हणत नाही, मी हिशेब मागते आहे. राखेच्या विटा कराव्यात, ती वापरावी, हा नियम १९९९ चा, माझ्या जन्माच्या आधीचा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर शंभर टक्के राख वापरण्याचे बंधन घातले आहे आणि न वापरलेल्या राखेसाठी टनामागे एक हजार रुपयांची भरपाई ठेवली आहे. सरकारनेच सांगितलेला हिशेब गावाने विचारला तर त्यात कोणाची चूल विझते? शिवाय हवामान बदलामुळे कोळशाची वीज कमी करायची चर्चा साऱ्या जगात चालू आहे. जुने संच कधीतरी बंद होणारच. त्या दिवशी कंत्राटी मजुराचे काय, हेही कुठल्यातरी कागदावर इंग्रजीतच लिहिलेले असेल. बाबा यावर काही बोलले नाहीत. पटले असे मात्र मी म्हणणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाविषयी आपण ऐकतो ते २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कांमुळे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावात अभ्यासगट चालत असे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत लोक बसत, कायदा समजून घेत, मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने ठरवीत. आपल्या वार्षिक शिबिरातील दोन दिवस अशा बैठकीला द्यायला काय हरकत आहे? खड्डे उरलेल्या दिवसांत खणता येतील.

आम्ही तीन मैत्रिणींनी तूर्त एक वही घातली आहे. सारांशातला अवघड शब्द डावीकडे, नदीकाठच्या माणसाला कळेल असा अर्थ उजवीकडे. त्रेचाळीस शब्द झाले आहेत. 'शून्य द्रव विसर्ग' याच्यासमोर आम्ही 'कारखान्याचं पाणी बाहेर एक थेंब येणार नाही' असे लिहिले. ते ऐकून मामा हसले आणि म्हणाले, "असं लिवलं हाय का त्यायनं? मंग तो कागद मले परत दे."