भिंतीवरचा इतिहास आणि फ्रेमचा हिशेब

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात जा. दार उघडताच समोरच्या भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात. भाड्याची दहा बाय दहाची खोली असो की कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, ही जागा ठरलेलीच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतणारा माणूस पोटाला चिमटा काढून घेतलेली तसबीर गर्दीतून छातीशी धरून आणतो. या निष्ठेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. त्याच घरातले आजी-आजोबा, आई-वडील कुठे आहेत? बहुतेक ठिकाणी ते पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, नाहीतर लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये पडून असतात. विचारले तर उत्तर ठरलेले : "फ्रेम करायची आहे हो, पण महाग पडते."

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपूरला गेले होते. धम्मदीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन आजीसोबत फोटो काढला. आजीच्या आयुष्यातला तो एकच फोटो. पुढे वडिलांनी हौसेने तो फ्रेम करून घेतला. पट्टी सोनेरी, नक्षीदार, भारी किमतीची. पण फ्रेमवाल्याने फोटो थेट काचेला भिडवून मागून पुठ्ठा ठोकला. ओल येणाऱ्या भिंतीवर ती फ्रेम वीसेक पावसाळे राहिली. घर बदलताना फोटो बाहेर काढायला गेलो, तर तो काचेला चिकटलेला. घाईने ओढला. आजोबा कागदावर राहिले आणि आजीचा चेहरा काचेवर राहिला. ती काच अजून माझ्याकडे आहे.

फ्रेम स्वस्त होती म्हणून हे घडले नाही. पैसा सोनेरी पट्टीवर गेला आणि फोटो वाचवणाऱ्या गोष्टीवर एक रुपयाही गेला नाही, म्हणून घडले. ती गोष्ट म्हणजे माउंट, फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट. तिच्यामुळे फोटो आणि काच यांच्यात पोकळी राहते. माउंट नको असेल तर कडेने काचेखाली बारीक पट्टी लावायला सांगा. काम तेच होते.

आता खर्चाचा हिशेब करू. फ्रेमवाला पट्टीचे पैसे लांबीवर घेतो, काचेचे क्षेत्रफळावर. ८ बाय १० इंचाच्या फ्रेमला चारही बाजू मिळून ३६ इंच, म्हणजे तीन फूट पट्टी लागते. २० बाय ३० ला १०० इंच, म्हणजे आठ फुटांहून जास्त. काच तर साडेसात पट. मोठ्या एका फ्रेमच्या पैशात घरातल्या चार पिढ्या भिंतीवर येऊ शकतात. पट्टीसाठी साधी सिंथेटिक पट्टी पुरेशी आहे. तिला वाळवी लागत नाही. लाकूड दिसायला सुंदर, पण दमट घरात त्याची काळजी घ्यावी लागते. ठरलेल्या मापाची तयार फ्रेम नेहमी स्वस्त पडते, म्हणून आधी फ्रेमचे माप पाहावे आणि फोटोची प्रत त्या मापाची काढावी. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घेतले तर ते हलके असते, फुटत नाही; लहान मुलांच्या घरात बरे. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत. मूळ फोटो कधीही लॅमिनेट करू नका; ते पुन्हा सुटत नाही. मूळ फोटो स्कॅन करून घ्या, प्रत फ्रेममध्ये लावा आणि मूळ कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. फ्रेमची मागची बाजू कागदी पट्टीने बंद करा, म्हणजे कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. ओल येणारी भिंत, मोरीची भिंत आणि थेट ऊन येणारी जागा टाळा. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो आधीच लालसर पडत चालले आहेत. त्यांचे स्कॅनिंग आधी करा. ओल्या फुलांचा हार फ्रेमवर दिवसेंदिवस ठेवू नका. त्याचे पाणी झिरपते आणि बुरशी धरते. आदर हारात नसतो, जपण्यात असतो.

कुणी म्हणेल, चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना फ्रेमची चर्चा कशाला? मी वकील आहे, म्हणून पुराव्याच्या भाषेत उत्तर देतो. बाबासाहेबांची प्रतिमा उद्या फुटली तर दुसरी मिळेल. त्यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडांमध्ये छापली आहेत. पण महाडला चालत गेलेला तुमचा पणजोबा कोणत्या खंडात आहे? नामांतरासाठी तुरुंगात गेलेली तुमची आत्या कोणत्या दप्तरात आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले, तेव्हा कितीतरी नावे पहिल्यांदा कागदावर आली. ज्या समाजाला शिक्षणच नाकारले गेले, त्याच्या घरात जुनी दप्तरे आणि वंशावळी कुठून असणार? आपल्याकडे आहेत ते हे थोडे फोटो. आणि तेच आपण ओलीत सोडले आहेत.

त्यातही एक अन्याय आपल्याच हातून होतो. भिंतीवर आजोबा येतात, वडील येतात. आजी येत नाही, कारण तिचा वेगळा फोटोच नसतो. लग्नाच्या घोळक्यात, ओळखपत्रावर, मतदार यादीवर कुठेतरी तिचा चेहरा असतो. तेवढा चेहरा स्कॅन करून मोठा करता येतो. तो करा आणि आजोबांच्या मापाचीच फ्रेम तिलाही करा.

शेवटी एक काम, ज्याला पेन्सिलीशिवाय काही लागत नाही. कोर्टात फोटो दाखल केला की पहिला प्रश्न येतो : यात कोण आहे, कुठे काढला, कधी काढला? उत्तर देणारा माणूस हयात नसेल तर तो फोटो मुका होतो. घरातही तेच होते. दोन पिढ्यांनी नातवंडे विचारतात, हे कोण? कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे कडेला हलक्या हाताने, मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. ठाऊक असलेले म्हातारे माणूस घरात आहे तोवरच लिहा.

येत्या जयंतीला घराला रंग द्याल, भिंती मोकळ्या होतील. त्या दिवशी पेटी उघडा. बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी, त्यांच्या हाकेला ओ देणाऱ्या तुमच्या माणसांनाही जागा द्या. साधी पट्टी, आत माउंट, मागे नाव. एवढा खर्च आपल्याला परवडतो. काचेवर राहिलेला चेहरा मात्र परवडत नाही.

जयभीम.