पाणी पोहोचते, मूल का नाही?

जालन्याच्या कुंडलिकेचे पाणी दुधनेत, दुधनेचे पूर्णेत आणि पूर्णेचे गोदावरीत मिसळून अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. पाणी समुद्रापर्यंत पोहोचते. त्या पाण्याकाठी वाढणारी अनेक मुले मात्र समुद्र चित्रातच पाहतात. सुटीत कोकणची सहल हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती येत नाही.

या मुलांसाठी समुद्रदर्शन आणि बाललेखन संमेलन यांची सांगड घालावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. गणपतीपुळ्यालगतचे मालगुंड हे त्यासाठी सुयोग्य स्थळ आहे. १८६६ साली केशवसुत तेथे जन्मले आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक तेथे उभारले आहे. मात्र व्यासपीठावर मोठ्यांनी बोलावे आणि मंडपात मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, असे हे संमेलन नसावे. सकाळी किनारा पाहावा, दुपारी वही उघडावी, सायंकाळी मुलांनी वाचावे आणि मोठ्यांनी ऐकावे.

दुष्काळी जिल्ह्याला हे चोचले कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साने गुरुजींनी दिले आहे. कोकणातील पालगडच्या दारिद्र्यात गेलेले बालपण त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’मध्ये उतरवले आणि महाराष्ट्राच्या घराघरांतील माता त्यात स्वतःला पाहू लागली. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. त्यावर अहवाल पुष्कळ निघाले. पण टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या मुलाला ‘तू लिही’ असे कितीजणांनी म्हटले? ज्याचे दुःख सदैव दुसरेच लिहितात, तो समाजात केवळ दयेचा विषय होऊन राहतो. त्याने स्वतःच्या बोलीत लिहिलेले चार शब्द त्याला ताठ मानेने उभे करतात.

ही परंपरा जालन्याला परकी नाही. १६०८ साली घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थांनी पायी देश पाहिला आणि ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला. अक्षर, शाई, कागद यांची काळजी कशी घ्यावी, हेही सांगण्यास ते विसरले नाहीत. देशाटन आणि लेखन हे दोन्ही संस्कार त्यांनी एकत्र जपले.

यासाठी शासकीय अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोकणात निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्यासोबत एका मुलाचा खर्च उचलावा. कार्यकर्त्यांनी वसतिगृहांशी बोलून मुले जोडून द्यावीत. पुढील वर्षी मालगुंडच्या मुलांना जांबला आणावे. कोरड्या विहिरीच्या काठावर बसून त्यांनीही लिहावे. एकात्मता भाषणांतून शिकवता येत नाही. एकमेकांचे पाणी पाहिल्यावर ती आपोआप समजते.